आडनाव विचारण्याचा अर्थ कधी बदलला? राजकीय हवा, बीड जिल्हा आणि आपले रोजचे वागणे

बालाघाटी

मराठवाड्यात अनोळखी माणसाला आडनाव विचारणे ही पूर्वी ओळख काढण्याची रीत होती. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारी, मग आडनाव, आणि दोन थांबे मागे पडेपर्यंत त्याच्या मावसबहिणीचे सासर आमच्या चुलत्यांच्या शेताला लागून आहे असे काहीतरी नाते त्याने हुडकून काढलेले असे. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी गावी जाताना, मांजरसुंबा मागे पडल्यावर, शेजारच्या गृहस्थांनी मला तोच प्रश्न विचारला आणि मी नुसते नाव सांगून खिडकीबाहेर पाहू लागलो. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ दोघांनाही कळला होता, आणि मला लाज वाटली ती त्याचीच.

गावात वेशीजवळ एक किराणा दुकान आहे. दुकानदारांना आम्ही सगळे मामा म्हणतो. नाते काही नाही, पण लहानपणापासून तोंडात तेच बसले आहे. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची उधारीची वही आहे आणि तिच्यात घराघराला पाने वाटून दिलेली आहेत. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. तोवर घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे चहा, साखर, तेल आणि तंबाखू या वहीवर चालतात आणि टोळी परतली की हिशेब होतो. मामांनी बोलता बोलता ती वही माझ्यापुढे सरकवली. सात-आठ घरांच्या पानांवर शेवटची नोंद जून २०२४ मधली होती आणि पुढे पान कोरे होते. बाकी मात्र प्रत्येकाने चुकती केलेली होती. "एक रुपया कुणी बुडवला नाही," मामा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा अचंबाच जास्त होता.

मामांची जात, माझी जात आणि गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर निम्मे वाचक पुढचा मजकूर वाचण्याआधीच बाजू ठरवून मोकळे होतील.

जून २०२४ का, हे बीडच्या माणसाला सांगावे लागत नाही. ४ जूनला लोकसभेची मतमोजणी रात्री उशिरापर्यंत चालली आणि मराठा समाजातल्या बजरंग सोनवणे यांनी ओबीसी नेत्या पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. हेच सोनवणे २०१९ मध्ये याच मतदारसंघात प्रीतम मुंडे यांच्याकडून सुमारे १ लाख ६८ हजार मतांनी हरले होते. मधल्या काळात मराठ्यांना ओबीसीतून आरक्षण मिळावे म्हणून जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीचे उपोषण झाले, १ सप्टेंबर २०२३ रोजी तेथे लाठीमार झाला, गावोगावी पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले, ३० ऑक्टोबरला माजलगाव आणि बीडमध्ये जाळपोळ झाली, १७ नोव्हेंबरला अंबडला या मागणीच्या विरोधात ओबीसींची मोठी सभा झाली. लोकसभेच्या निकालानंतर तर अंतरवालीपासून थोड्याच अंतरावर, वडीगोद्री येथे, ओबीसींच्या बाजूचे उपोषण बसले. एकाच तालुक्यातल्या दोन गावांत दोन मंडप आणि दोन गर्दी असे ते दृश्य होते. त्याच दिवसांत अमक्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही अशा शपथांच्या चित्रफिती फिरल्या. गावातल्या बहुतेकांनी शपथ घेतली नाही, पण चित्रफीत सगळ्यांनी पाहिली.

मला मांडायचे आहे ते असे. राजकीय हवा तापली की लोकांच्या मनात द्वेष भरला जातो, असे आपण सरसकट म्हणतो. मला गावात द्वेष फारसा दिसला नाही. मामांकडे जाणे बंद केलेल्या एका शाळासोबत्याला मी थेट विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामांचं काही नाही रे. दुकानातून बाहेर पडलं की पारावरचे बघायलेत." पारावर बसलेली माणसे त्याच्याच भावकीतली आहेत. म्हणजे त्याचे पाऊल अडले होते ते समोरच्यांवरच्या रागाने नव्हे, आपल्याच माणसांच्या धाकाने. राजकीय हवेचा खरा परिणाम मला येथे दिसतो. माणसाच्या मनात काय आहे ते हवेने फारसे बदलत नाही, पण चारचौघांत काय खपते आणि कशाचा जाब द्यावा लागतो हे ती रातोरात बदलून टाकते.

याच प्रश्नावर, याच जिल्ह्यांतली माणसे, सात वर्षे आधी पूर्णपणे वेगळी वागली होती. कोपर्डी गावातल्या अल्पवयीन मुलीवरील अत्याचार आणि खुनाच्या घटनेनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत पहिला मूक मोर्चा निघाला आणि पुढच्या वर्षभरात अशा ५८ मोर्चांची मोजदाद झाली. पुढे मुली चालत, निवेदनही मुलीच देत, पुढाऱ्यांना मागे चालावे लागे आणि मोर्चा गेल्यावर स्वयंसेवक रस्त्यावरच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करीत. त्या वेळी चारचौघांत घोषणा देणे लाजिरवाणे ठरले होते. मागणी तीच होती, शेतीची अवस्था तीच होती, किंबहुना लागोपाठच्या दुष्काळांनी अधिक बिकट होती. तरीही पारावरचा धाक तेव्हा संयमाच्या बाजूने काम करीत होता.

हा धाक उलटला कसा, याविषयी माझा एक तर्क आहे. ४ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षण अडकले, आणि २०२२ मध्ये मुदत संपलेल्या जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व नगरपालिकांवर प्रशासक बसले ते मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ. जिल्हा परिषदेच्या गटात उभ्या राहणाऱ्या माणसाला एका जातीच्या मतांवर निवडून येणे बहुधा जमत नाही. त्याला सगळ्या वाड्यावस्त्यांवर चहा प्यावा लागतो, मयतीला जावे लागते, दोन भावकींची भांडणे मिटवावी लागतात. असे दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे शेकडो कार्यकर्ते तीन वर्षांहून अधिक काळ रिकामे राहिले आणि नेमक्या त्याच काळात मोठ्या सभांचे राजकारण पेटले. ग्रामपंचायतींच्या निवडणुका मधूनमधून झाल्या हे खरे, पण त्यांचा परीघ गावापुरता असतो. वरून शासनाने दोन्ही मंडपांत मंत्री पाठवले, दोन्हीकडे आश्वासने दिली, आणि एकाला दिलेले आश्वासन दुसऱ्याच्या ताटातून आहे असे दोघांनाही वाटत राहील याची सोय केली.

आपापल्या गावचे अनुभव वाचायला आवडतील. कोणाची मागणी योग्य, हा या धाग्याचा विषय नाही.

खडूफळा

मी बीड जिल्ह्यातच शिक्षिका आहे आणि धागाकर्त्यांचे निरीक्षण मला बरोबर वाटते. त्याला दोन गोष्टी जोडते.

२०२३ च्या शेवटच्या महिन्यांत न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला (कुणबी ओबीसीत येतात), तेव्हा तहसीलमधल्या मोडी आणि उर्दूतल्या कागदांबरोबर शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरेही काढावी लागली. आमच्या शाळेतल्या रजिस्टरची पाने हात लावला की तुटत, म्हणून मी ती पट्टीने उलटत होते. एका पानावर दोन सख्खे भाऊ सापडले, तीन वर्षांच्या अंतराने दाखल झालेले. थोरल्याच्या जातीच्या रकान्यात 'मराठा' आणि धाकट्याच्या रकान्यात 'कुणबी' असे होते. मधल्या काळात मुख्याध्यापक बदलले होते, अक्षरावरून ते उघड दिसत होते. आज त्या धाकट्या भावाच्या नातवंडांच्या हातात प्रमाणपत्र पडू शकते आणि थोरल्याच्या नातवंडांना धाकट्या आजोबांच्या त्या एका शब्दाचा आधार घेऊन वंशावळ जुळवत बसावे लागते. ज्या रेषेसाठी बाहेर रस्ते अडवले जात होते, ती कोण्या गुरुजींच्या टाकाने सहज इकडची तिकडे झालेली होती. हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितले तेव्हा दोन सहकारी हसले आणि दोघांनी 'हे बाहेर बोलू नका' असा सल्ला दिला. सल्ला देणारे दोघे वेगवेगळ्या बाजूंचे होते.

दुसरी गोष्ट पोलिसांची. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या ९ डिसेंबर २०२४ च्या हत्येनंतर जिल्ह्यात वातावरण असे झाले की तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचे आडनाव आधी आणि तपास मागाहून अशी चर्चा होऊ लागली. नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारावी अशी सूचना दिली आणि मार्च २०२५ मध्ये आडनाव नसलेल्या नावाच्या पट्ट्या छातीवर व टेबलावर आल्या. पुष्कळांनी त्याची टिंगल केली. मी केली नाही, कारण त्याच महिन्यात वर्गात हजेरी घेताना मीही मुलांना फक्त नावाने पुकारू लागले होते. माझ्या वर्गात तीन ओंकार आहेत. त्यांना 'खिडकीजवळचा', 'दाराजवळचा' आणि 'उंच' अशी नावे पडली आहेत आणि ती मुलांनीच पाडली आहेत.

वाळूघाट

धागा संयत आहे, म्हणून असहमती संयतपणेच नोंदवतो.

बीडमधल्या तेढीला हवा, धाक वगैरे नाजूक शब्द वापरून तुम्ही मूळ व्यवहार झाकत आहात. गोदावरीची वाळू, परळीच्या औष्णिक केंद्राची राख, माळावरच्या पवनचक्क्यांची कामे आणि ऊसतोडीची मुकादमी ही या जिल्ह्यातल्या पैशाची खरी ठिकाणे आहेत. यांतली कोणती कोणाच्या ताब्यात आहे यावरून कोणता पुढारी कोणाचा हे ठरते. मस्साजोगच्या प्रकरणातही आरोपपत्रात खंडणीचाच विषय आहे. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड सरपंच आले असे ते सांगते, आणि निकाल न्यायालय देईल. पण रस्त्यावर आठ दिवसांत त्याचे जातीचे भांडण झाले, कारण तसे होणे दोन्हीकडच्या हिशेबी माणसांना सोयीचे होते. जातीचा झेंडा उभा राहिला की त्याच्या सावलीत ट्रक मोजायला कोणी येत नाही.

आणि खरे सांगायचे तर बीड हे पहिल्यापासून असेच आहे. जात सोडून तेथे कधीच मत पडलेले नाही. मामांच्या वहीने फार हळवे होऊ नये.

बालाघाटी

वाळूघाट, आर्थिक मुद्द्यावर तुमच्याशी बराचसा सहमत आहे. ट्रक मोजण्याचे वाक्य तर मी गावात वापरणार आहे.

'पहिल्यापासून असेच' हे मात्र मान्य नाही, आणि त्यासाठी हळवे होण्याची गरज नाही, मतदारसंघाचा इतिहास पुरेसा आहे. १९६७ मध्ये याच बीडने साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत पाठवले. त्यांची येथे ना भावकी होती ना सोयरीक. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. १९८०, १९८४ आणि १९९१ मध्ये केशरकाकू क्षीरसागर खासदार झाल्या, त्या तेली समाजाच्या. ज्या जिल्ह्यात त्यांच्या जातीची मते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, तेथे त्या तीन वेळा जिंकल्या. गोपीनाथ मुंडे यांच्या मागेही केवळ त्यांचा समाज नव्हता, मराठा कार्यकर्त्यांची एक मोठी पिढी त्यांनी उभी केली होती. तेव्हा जात नव्हती असे मी म्हणत नाही. प्रत्येक पुढारी रात्री यादी घेऊन जातीची बेरीज करीतच असे. पण ती बेरीज रात्री आणि दार लावून होत असे, दिवसा ती उघड बोलणे कमीपणाचे मानले जाई. या दारामुळेच गावात सगळ्यांना एका पंगतीत बसता येत होते.

३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगावात ज्यांचे घर जाळले गेले ते आमदार प्रकाश सोळंके स्वतः मराठा आहेत, हेही लक्षात घ्यावे. त्यांच्या कथित वक्तव्याची ध्वनिफीत फिरली होती एवढे निमित्त पुरले. पारावरचा धाक आपल्या माणसावर आधी चालतो, या माझ्या म्हणण्याला याहून ठळक उदाहरण मला सुचत नाही.

निळी शाई

धागाकर्त्यांच्या पहिल्याच वाक्याशी मी अडखळलो. आडनाव विचारणे ही ओळख काढण्याची रीत होती, असे आपण लिहिले आहे. ती कोणासाठी होती? माझे वडील एस.टी.त हा प्रश्न आला की तालुक्याचे नाव सांगत आणि झोपेचे सोंग घेत. आपण गेल्या उन्हाळ्यात जे पहिल्यांदा केले, ते आमच्या घरात दोन पिढ्या चालत आले आहे. पुण्यात भाड्याची खोली शोधताना मीही ते केले. आपली जात न लिहिण्याचा आपला निर्णय मी समजू शकतो, परंतु जात सांगण्याचे किंवा न सांगण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला मिळत नाही. पुष्कळ वेळा ती समोरचाच आपल्या कपाळावर वाचतो.

मूक मोर्चांचे आपण केलेले वर्णन खरे आहे, पण अपुरे आहे. शिस्त होती, स्वच्छता होती, मुली पुढे होत्या, हे सगळे मान्य. त्याच निवेदनांत अॅट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणीही होती, आणि आमच्या वस्तीतून त्या लाखोंच्या शांत गर्दीकडे पाहताना ती शांतता कानाला फार मोठी वाटत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तळेगावात बालिकेवरील अत्याचाराच्या प्रयत्नाच्या घटनेनंतर नाशिक जिल्ह्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, म्हणजे संयमाचा तो काळ सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नव्हता.

राजकीय हवेने सार्वजनिक वागणे कसे बदलते याचे मराठवाड्यातले मोठे उदाहरण १९७८ चे आहे. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. मुंबईत एकमत होते आणि इकडे दलितांची घरे जळत होती. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्या आमदारांपैकी किती जण त्या आठवड्यात आपापल्या गावी जाऊन उभे राहिले, हा प्रश्न माझ्या वडिलांनी मरेपर्यंत विचारला. पुढे नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. धाकाविषयीचे आपले म्हणणे मी पूर्णपणे नाकारत नाही, पण त्यात एक सोय दडलेली आहे: वस्तीवर आलेला प्रत्येक माणूस नंतर सांगू शकतो की मी मनाने नव्हतो, पारावरच्यांच्या धाकाने आलो होतो. आमच्या बाजूने पाहिले तर मन आणि धाक यांत आगीच्या वेळी काही फरक दिसत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. आमच्या वस्तीलाही नवे नाव मिळाले आणि कमानीवर पाटी लागली. रिक्षावाल्याला मात्र जुनेच नाव सांगावे लागते.

कोरडवाहू

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट खटकते, ती स्पष्टपणे लिहितो. आंदोलन म्हणजे हवा बिघडवणे, असा सूर पुण्या-मुंबईतल्या वाचकांना फार लवकर पटतो.

मी जालना जिल्ह्यातला, चार एकर कोरडवाहूचा धनी. आजोबांच्या नावावर तीस एकर होते, मग वाटण्या होत गेल्या. विदर्भातला कुणबी आधीपासून ओबीसीत आहे. आमच्या सोयरिकी खानदेश-विदर्भाकडे होतात, तेव्हा एकाच मांडवात नवरीचा भाऊ सवलतीत आणि नवरदेवाचा भाऊ खुल्या जागेवर, असा प्रकार दर लग्नात असतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता, त्याचे कागद वेगळे, त्यांची लिपी वेगळी, याची शिक्षा नातवाने का भोगायची? २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा झाला, उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टक्के कमी करून का होईना तो टिकवला, आणि ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या काळात निवड होऊन नियुक्तीपत्राची वाट पाहणारी पोरे आमच्या गावात आहेत. मूक मोर्चांनी स्तुती मिळाली, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, पण पोरांच्या हातात काही टिकले नाही. २३ जुलै २०१८ ला कायगाव टोक्याच्या पुलावरून आंदोलक काकासाहेब शिंदे यांनी गोदावरीत उडी घेतली, त्यानंतर शासन धावत आले. मग तरुणांनी यातून काय शिकायचे होते? शांत राहिल्यावर कौतुक आणि रस्ता अडवल्यावर अध्यादेश, हा धडा पारावरच्या म्हाताऱ्यांनी दिलेला नाही, तो मंत्रालयाने दिला आहे.

दुकानावरच्या बहिष्काराचे समर्थन मी करीत नाही. माझा खतवाला दुसऱ्या बाजूचा आहे आणि मी त्याच्याकडेच जातो. पण हेही लिहितो की २०२४ मध्ये तीन महिने मी खताची पोती संध्याकाळी, अंधार पडल्यावर आणली.

खडूफळा

कोरडवाहू, आपले शेवटचे वाक्य धागाकर्त्यांच्या म्हणण्याला विरोध करण्यासाठी लिहिले होते की दुजोरा देण्यासाठी?

कोरडवाहू

बाई, तुम्ही शिक्षिका आहात हे लगेच कळते. लिहिताना लक्षात आले नव्हते.

टेम्सकाठी

थोडे अवांतर, पण मुद्द्याला धरून. मी १४ वर्षे इंग्लंडमध्ये आहे. २३ जून २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के आणि राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के मते पडली. इंग्लंड आणि वेल्समध्ये वंश वा धर्माच्या द्वेषातून घडलेल्या गुन्ह्यांच्या पोलिसांकडील नोंदी त्या जुलैत आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी अधिक होत्या. एका महिन्यात माणसांची मने ४१ टक्क्यांनी बिघडत नसतात. आपल्यासारखा विचार करणारे निम्मे लोक आहेत, हे निकालाने काहींना कळले आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचे ते त्यांनी बसथांब्यावर मोठ्याने म्हटले. पुढे आकडे खाली आले, पण पहिल्या पातळीवर लगेच परतले नाहीत. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जूनला, जो कॉक्स या खासदार बाईंचा त्यांच्याच मतदारसंघात भर रस्त्यात खून झाला होता. आपल्याला तोडणाऱ्या गोष्टींपेक्षा जोडणाऱ्या गोष्टी अधिक आहेत, अशा आशयाचे त्यांचे संसदेतले पहिले भाषण होते.

आणि मायदेशातली हवा येथेही पोचते. मराठी लोकांच्या ज्या व्हॉट्सअॅप गटावर मोदकाचे साचे कोठे मिळतील एवढीच चौकशी होत असे, तेथे २०२३ च्या दिवाळीनंतर आरक्षणावरून दोन तट पडले आणि आता गणपतीच्या वर्गणीसाठी वेगळा गट आहे. त्या गटात चर्चेला बंदी आहे. वर्गणी पूर्वीपेक्षा जास्त जमली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

वाळूघाट

टेम्सकाठी, चर्चेला बंदी घातल्यावर वर्गणी वाढते, हे आमच्या जिल्हा नियोजन समितीला कळवायला हवे.

बालाघाटी

निळी शाई, आपला आक्षेप मला मान्य आहे. पहिल्या वाक्यातला 'मराठवाड्यात' हा शब्द मी माझ्यापुरता वापरला आणि सगळ्यांच्या नावावर खपवला. वाक्य बदलत नाही, म्हणजे आपला प्रतिसाद वाचणाऱ्याला तो कशाला आहे ते कळेल. धाकाचे कारण पुढे करून सुटण्याचा आपला मुद्दा मी आठ दिवस डोक्यात घेऊन फिरतो आहे. माझा शाळासोबती दुकानात गेला नाही, यापलीकडे त्याने काही केले नाही; पण त्याने वेगळे काही केले असते तरी मला त्याने हेच कारण सांगितले असते आणि मी ते असेच मानून घेतले असते, हे मला टाळता येत नाही.

कोरडवाहू, मंत्रालयाने दिलेल्या धड्याविषयी आपण लिहिले ते माझ्या तर्कात नव्हते आणि असायला हवे होते. २ सप्टेंबर २०२५ ला मुंबईत आझाद मैदानावरचे मराठा आरक्षणाचे उपोषण निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटियरमधल्या कुणबी नोंदींविषयीच्या शासन निर्णयावर सुटले आणि लगेच दुसऱ्या बाजूने मोर्चांची तयारी सुरू झाली, तेव्हा हाच धडा दुसऱ्या मांडवानेही गिरवला असे दिसते. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ ला जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे ठरवले आहे. प्रगणक दारात येऊन हाच प्रश्न विचारील आणि या वेळी खिडकीबाहेर पाहता येणार नाही. आकडे आल्यावर भांडण मिटेल की त्याला नवे दारूगोळे मिळतील, यावर वेगळा धागा काढता येईल, येथे नको.

काल मामांना फोन केला होता. धागा काढल्याचे सांगितले नाही, वहीचे विचारले. कोऱ्या पडलेल्या पानांपैकी तीन घरे परत येऊ लागली आहेत. मोठी माणसे येत नाहीत, पोरांना पाठवतात, आणि पोरे रोख पैसे देतात. मामा पान उघडून लिहायला लागले की पोरगे म्हणते, "बाबांनी सांगितलंय, वहीत नाव नको."